कान लावलात ना?

त्याचं खरं नाव कामावर कुणालाच ठाऊक नव्हतं. हजेरीच्या वहीत होतं तेही मुकादमाने चुकवून ठेवलेलं. सगळे त्याला बोका म्हणायचे. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी तो दुसऱ्या मजल्यावरून खाली आला होता, जिन्याने नव्हे, हवेतून. आणि खाली नशिबाने वाळूचा ढीग होता, त्यात गुडघ्यापर्यंत रुतून सरळ उभा राहिला. माणसं बोंबलत धावली. तर हा गृहस्थ पाय उपसत विचारतो कसा, "चहा आला का रे?"

तेव्हापासून बोका. कुठूनही टाका, पायांवरच पडतो. एखाद्याचं हाड मोडलं असतं तर तो शहाणा झाला असता. याचं काहीच मोडलं नाही, आणि तेच वाईट झालं. पडणं हे दुसऱ्यांचं काम, आपलं नव्हे, असं त्याने जे मनात घेतलं ते घेतलंच.

तो परांची बांधायचा. इमारतीच्या बाहेरून लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा करतात ना, ज्याच्या फळ्यांवर उभं राहून बाकीचे गिलावा करतात, रंग देतात, तो. सगळ्यांच्या आधी चढायचं आणि सगळ्यांच्या नंतर उतरायचं, असा हा धंदा. इमारत पुरी झाली की परांची उतरवून टाकतात, मग तिथे ती होती हे सांगायलाही कुणी राहत नाही. रंगाऱ्याचा रंग दिसतो, फरशीवाल्याची फरशी दिसते. बोक्याचं काम कुणाला दिसायचं नाही, आणि याचा राग त्याच्या मनात कुठेतरी होताच.

पण एक गोष्ट त्याची होती. रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी तो कमरेचा लोखंडी पाना काढायचा, परांचीच्या उभ्या पाइपावर टण्णकन मारायचा आणि त्याच पाइपाला कान लावायचा. मग दुसऱ्या पाइपाला. मग कोपऱ्यातल्या. सगळे जोड आवळलेले असले तर पाइप लांबवर घुमतो, कुठे एखादा क्लॅम्प ढिला असला किंवा पाइप काढलेला असला तर आवाज मध्येच बसतो. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. कान लावून झाला की तो वर बघून म्हणायचा, "चढा!" आणि मग पन्नास माणसं चढायची. उशिरा आलेला माणूससुद्धा शिडीवर पाय ठेवायच्या आधी विचारायचा, "बोक्याने कान लावला का?"

देवाशपथ सांगतो, एवढ्या वर्षांत त्याचा कान एकदाही चुकला नव्हता.

बाकी मात्र सगळा आनंदच. हेल्मेट त्याच्याकडे होतं, पण त्यात तो क्लॅम्पचे बोल्ट ठेवायचा. बेल्ट होता, तो त्याने डब्याच्या पिशवीला बांधला होता. बेल्टचा हुक दर चार पावलांनी काढायचा आणि पुन्हा लावायचा असतो. तो काढण्या-लावण्यात वेळ जातो, आणि वेळ गेला की खालून मुकादमाचं तोंड सुटतं. तोच मुकादम साहेब आले की ओरडायचा, "बेल्ट लावा रे!" आणि साहेबांची गाडी वळली की, "हात चालवा रे!" आता माणसाने ऐकायचं कुणाचं? शिवाय परांचीवर भीती हा शब्द काढायचा नाही, असा एक अलिखित कायदा होता. ज्याने काढला त्याची दिवसभर टिंगल. बोका स्वतः विजेच्या वायरीला भ्यायचा आणि सुई टोचून घ्यायला तर इतका भ्यायचा की बायकोला हात धरायला लागायचा. पण उंची? छे! उंचीला काय भ्यायचं!

बायको त्याच कामावर होती. तिला सगळे मावशी म्हणत. नव्या गिलाव्याला दिवसातून तीनदा पाइपाने पाणी मारायचं, हे तिचं काम. बोलायला कमी, पण बोलली की नेमकं. नवऱ्याच्या शौर्याच्या गोष्टी ती मान खाली घालून ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "वाळू कुणी टाकली होती तिथे? त्याचं नाव घ्या एकदा." पण तीच बाई रोज सकाळी शिडीखाली उभी राहून विचारायची, "अहो, कान लावलात ना?" तो "हो" म्हणायचा, आणि ती चढायची. सव्वीस वर्षं हेच चाललं होतं.

मग त्या कामावर सेफ्टीवाली ताई आली.

वयाने त्याच्या लेकीएवढी. बूट मात्र नवे नव्हते, हे सांगायला हवं, कारण पुष्कळ जण उंटावरून शेळ्या हाकायला येतात. ही रोज वरच्या मजल्यापर्यंत चढायची आणि हुक लावतच चढायची. सकाळी सगळ्यांना गोळा करून ती दहा मिनिटं समजावायची. माणसं त्याला शाळा म्हणायची. शाळेत सगळे "हो ताई" म्हणायचे आणि बाहेर पडून पालथ्या घड्यावर पाणी. एकटी मावशी तिचं ऐकायची. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली बांधायची ती साऱ्या कामावर एकटीच. बोका चिडवायचा, "काय गं, लग्नात बाशिंगसुद्धा इतकं घट्ट बांधलं नव्हतंस." ती म्हणायची, "तेव्हा पडायची भीती नव्हती."

एके सकाळी ताईने त्याला कान लावताना पाहिलं. पाहिलं, थांबली, आणि शाळेत सगळ्यांसमोर विचारलं, "काका, तुमचा कान चांगलाच असेल. पण उद्या तुम्हाला ताप आला तर? कान काय डब्यात घालून पाठवणार?"

हसली हो माणसं. पन्नासच्या पन्नास हसली. गिलाव्याचा मिस्त्री तर इतका हसला की त्याला ठसका लागला. त्यात वाईट हेतू नव्हता, ताईचाही नव्हता आणि माणसांचाही. प्रश्नही खोटा नव्हता. पन्नास जिवांचा भार एका माणसाच्या कानावर टाकायचा म्हणजे काय? पण बोक्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात जी एक गोष्ट त्याची म्हणून होती, तिचं भर सभेत हसू झालं होतं.

ताईने नवी पद्धत आणली. परांची तपासायची, कागदावरचे रकाने भरायचे, आणि सगळं ठीक असलं तर शिडीला त्या दिवसाच्या तारखेचं हिरवं कार्ड लटकवायचं. कार्ड नाही तर चढायचं नाही. ती त्याच्याकडेच आली. म्हणाली, "काका, तपासणी तुम्हीच करा. कानही लावा, मी कुठे नको म्हणते? फक्त बाकीचं पण बघा आणि खाली सही करा."

तो म्हणाला, "माझ्या कानाची सही लागत नाही."

"अहो काका, असं नका करू."

"कार्ड आहे ना तुमचं? मग कार्डालाच विचारा."

घरी मावशीने त्याला झापलं. "पोरगी चांगलं सांगते. सही करायला हात दुखतो का तुमचा?" तो भिंतीकडे तोंड करून बसला. रागावलेल्या पुरुषाला भिंत फार आवडते.

मग कार्डं गेली मुकादमाकडे. आणि मुकादमाला कुठे वेळ! त्याने सोमवारी बसल्या बैठकीला आठवड्याभराच्या कार्डांवर सह्या ठोकल्या, गठ्ठा हाताखालच्या पोऱ्याकडे दिला आणि हात झटकले. रोज एक लटकवायचं. तपासणी वगैरे गेली उडत. बोक्याला हे बुधवारीच कळलं, कारण पोऱ्याने घाईत गुरुवारचं कार्ड लटकवलं होतं आणि आकडे बोक्याला वाचता येत होते.

त्याने काय केलं असेल? ताईला सांगितलं? मुकादमाची कॉलर धरली? काही नाही. हसला. मिशीत हसला आणि चहाच्या वेळी गिलाव्याच्या मिस्त्रीला म्हणाला, "बघच तू. एक जण खाली आला ना, की बाईचे डोळे उघडतील. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा."

मिस्त्री म्हणाला, "बोका, असं बोलू नये रे. वास्तू तथास्तु म्हणते."

"मी कुठे म्हणतोय तू पड म्हणून?"

तोवर त्याने कान लावणं सोडून दहा-बारा दिवस झाले होते. माणसंही सरावली. हिरवं दिसलं की चढायची. खरं सांगायचं तर कुणी विचारेनासं झालं, याचंच त्याला जास्त लागलं होतं. एक मावशी तेवढी रोज विचारायची, आणि तो तिला "हो" म्हणायचा नाही, नुसतं "चढ" म्हणायचा. तिला त्यातला फरक कळला नाही. सव्वीस वर्षं ज्याला विचारलं, त्याच्या एका शब्दाचा पंचनामा कोण करतं?

गुरुवारी दुपारी खिडक्यावाले आले. मोठी चौकट बाहेरून आत घ्यायची होती आणि परांचीचा एक तिरपा पाइप आड येत होता. त्यांनी तो काढला, त्याच्याजवळचे दोन क्लॅम्प सैल केले आणि चौकट आत घेतली. पाइप लावायचा राहिला. का राहिला? सगळ्या कामांवर जे राहतं ते त्याच कारणाने राहतं: हे आपलं काम नाही, दुसरा कुणीतरी करील.

शुक्रवारी सकाळी शिडीवर हिरवं कार्ड होतं. मुकादमाची सही होती आणि तारीखसुद्धा बरोबर होती.

बोका परांचीखालून चालला होता. पायांना सवय, कोपऱ्यातल्या पाइपाशी ते आपोआप थांबले. हातालाही सवय, तो कमरेच्या पान्याकडे गेला. पाना अर्धा बाहेर निघाला आणि त्याची नजर समोर गेली. पंधरा पावलांवर ताई उभी होती, वही घेऊन, त्याच्याकडेच बघत. त्याने पाना परत खोचला. हिच्यासमोर? हिच्यासमोर कान लावायचा, म्हणजे पुन्हा डब्याची गोष्ट निघणार. नाही म्हणजे नाही.

मावशी पाण्याचा पाइप खांद्यावर घेऊन आली. हेल्मेट घातलेलं, पट्टा बांधलेला, बेल्ट कसलेला. शिडीला हात घालून तिने विचारलं, "अहो, कान लावलात ना?"

"चढ," तो म्हणाला.

ती चढली. तिसऱ्या मजल्याच्या फळीवर गेली, ताईने शिकवलं होतं तसा हुक लावला. लावला तो बाजूच्या आडव्या पाइपाला, कारण दुसरं काही नव्हतंच लावायला. तो पाइप त्या सैल क्लॅम्पवर होता. पाण्याने भरलेला पाइप तिने जोर लावून ओढला, तशी फळी तिरपी झाली, क्लॅम्प सुटला आणि आडवा पाइप, हुक, बेल्ट आणि मावशी असे सगळे बरोबरच खाली आले.

वाळूचा ढीग नव्हता. इथेही एक होता, तो दोन दिवसांपूर्वी ताईनेच हलवायला लावला होता, रस्त्यात येत होता म्हणून.

हेल्मेटने डोकं वाचवलं, डॉक्टरांनी हे मुद्दाम सांगितलं. पट्टा बांधला नसता तर जागेवरच गेल्या असत्या, म्हणाले. कमरेखाली मात्र काही राहिलं नाही. मणका. बोका डॉक्टरांकडे बघत होता आणि त्यांच्या टेबलावरची सुई बघून तो एक पाऊल मागे सरकला होता. त्या क्षणीसुद्धा त्याला बायकोचा हात हवा होता, आणि ती आत पडली होती.

शुद्धीवर आल्यावर ती पहिलं काय बोलली असेल? पाणी मागितलं नाही, लेकीला विचारलं नाही. म्हणाली, "अहो, कान लावला होतात ना?"

आता बोला. ती खोलीच तशी होती. पलंगाच्या लोखंडी दांड्या, पांढरी चादर, तिच्या नाकातली नळी. खरं बोलायला तोंड उघडलं होतं त्याने. आणि तोंडातून निघालं, "लावला होता."

"मग माझाच पाय चुकला," ती म्हणाली, आणि तिने डोळे मिटले.

झालं. एवढ्यावर सगळं मिटलं. कसं मिटलं ते ऐका. चौकशी झाली. टेबलापलीकडे तीन माणसं, अलीकडे एक खुर्ची. तिरपा पाइप संध्याकाळपर्यंत जागेवर लागलाच होता. कुणी लावला, ते शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही. कार्ड हिरवं होतं, त्यावर सही होती. मधल्या माणसाने बोक्याला विचारलं, "तुम्ही परांची बांधणारे. त्या दिवशी तुम्ही स्वतः पाहिली होती?"

आधी तर म्हणून बसला होता बायकोला. आता नाही कसं म्हणणार? म्हणाला, "रोज कान लावून बघतो मी. त्या दिवशीही बघितली होती."

मुकादमाने असा सुस्कारा सोडला की तो टेबलापलीकडेही ऐकू गेला. ताई वहीत बघत राहिली. त्या माणसांनी लिहिलं: परांची सुस्थितीत होती, कामगार महिलेचा पाय घसरला, हुकही चुकीच्या जागी लावला होता. मुकादमाची मान सुटली, खिडक्यावाल्यांची सुटली, कंपनीची सुटली, ताईची नोकरी राहिली आणि बोक्याचा कानही राहिला. साऱ्या कामावर एकच चूक उरली, आणि ती तिच्या पायाची ठरली. ज्या पायांना आता चिमटा काढला तरी कळत नव्हतं, त्यांच्या माथी.

महिन्याभराने ताई घरी आली. एकच खोली, दाराला लागूनच पलंग. मावशी तिला बघून केवढी खूश झाली! उशीला टेकून बसवायला लावलं, केस नीट करून घेतले, आणि ताईचा हात धरून म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका हं. तुमचं काही चुकलं नाही. ह्यांनी कान लावला होता. माझाच पाय चुकला."

ताईने तिच्या अंगावरची चादर नीट केली. म्हणाली, "हो मावशी."

बोका तिला पोचवायला बाहेर आला. गल्लीत नळावर बायकांची गर्दी होती, एकीचा हंडा भरून वाहत होता. ताई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काका, तुमचा हात पान्याकडे गेला होता. मी बघितलं होतं."

"मग बोलला का नाहीत? तिथे, चौकशीत?"

"काय बोलू? चौकशीत घाबरले. आणि त्या सकाळी..." ती थांबली. "त्या सकाळी तुम्ही पाना परत खोचलात ना, तेव्हा मला आनंद झाला हो. वाटलं, काकांनी शेवटी ऐकलं. कार्डावर विश्वास ठेवला. मी वहीत लिहिलंसुद्धा. ते पान अजून आहे."

बोक्याला तिला शिव्या द्यायच्या होत्या. मग त्याला वाटलं, सांगावं हिला, की ती कार्डं सोमवारीच सही होऊन पडायची, आणि मला ठाऊक होतं. बुधवारपासून ठाऊक होतं. कुणीतरी पडावं म्हणून वाट बघत होतो मी, आणि पडली ती माझीच. पण हे सगळं सांगायला जो माणूस लागतो, तो तो नव्हता. तो म्हणाला, "जपून जा. पुढे रस्ता उकरलाय."

आता तो दुसऱ्या कामावर जातो. लेक दोन महिने राहून आपल्या संसाराला गेली. सकाळी उठून तोच मावशीचं सगळं करतो. कूस बदलतो, पाठ पुसतो, भाजी चिरतो, तिचा चहा बशीत ओतून देतो. कामावर रोज कान लावतो. एकदा नव्हे, तीनदा. हेल्मेट डोक्यावर, पट्टा हनुवटीखाली, बेल्टचा हुक चार पावलांवर. पोरं हसतात, म्हणतात, म्हाताऱ्याने घाबरट होऊन बोक्याचं नाव घालवलं. तो पुढचा हुक लावतो. आणि गंमत बघा, आता पाइपाला कान लावला तरी त्याला पूर्वीसारखं नक्की सांगता येत नाही. चांगल्या आवळलेल्या जोडाचीही शंका येते. तो पुन्हा शिडी चढून क्लॅम्प हाताने आवळून बघतो, आणि तोवर खालून मुकादमाचं तोंड सुटलेलं असतं.

शेजारणी येतात, बसतात, हळहळतात. मावशी प्रत्येकीला तेच सांगते, कान लावला होता म्हणून. नवऱ्यावर कुणी बोट ठेवलेलं तिला खपत नाही. तिने तसं एकदा त्याच्या समोरच एकीला तोडलं. ती बाई गेल्यावर तो तिच्या पायांना तेल लावत बसला होता. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लावायचं, नाही तर तिला काय कळतंय!

ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "बरं झालं हो, पाय माझाच चुकला."

"काहीतरीच काय बोलतेस?"

"खरंच सांगते. मी पडून राहीन, मला जमतं. पण तुमचा कान चुकला असता ना, तर तुम्हाला ते झेपलं नसतं. मला ठाऊक नाही का तुम्ही?"

तिचा उजवा पाय त्याच्या मांडीवर होता. तेलाची वाटी रिकामी झाली होती. तो तसाच चोळत राहिला, आणि ती म्हणाली, "पुरे आता. झालं असेल की."